टेबलाशी बसलेले तिघे

१

बुधवारी सकाळी सव्वादहाला किल्लीबाईंनी लोखंडी कपाट उघडलं, निळी फाईल काढली, फीत सोडली आणि आत पाहिलं, तर सात कोरे कागद. कडा जुळवून नीट बसवलेले. त्यांनी फाईल उलटी करून झटकली, कपाटाच्या तळाशी हात फिरवला, मग पुन्हा फाईल उघडून बघितली. कागद कोरेच होते.

गेलेला कागद साधासुधा नव्हता. दोन देशांनी मिळून परकी गुंतवणुकीसाठी बरं वातावरण तयार करायचं, कारखाना काढायला येणाऱ्याला छत्तीस दारं ठोठावायला लावायची नाहीत, असा दोन वर्षांपूर्वी करार झाला होता. त्याची ही मूळ सहीची प्रत. करार सांभाळणाऱ्या कार्यालयाचं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून सगळे त्याला वातावरण कक्ष म्हणत. मग लोक फोन करून विचारत, उद्या छत्री घेऊ का? किल्लीबाई कंटाळून सांगत, घ्या.

शुक्रवारी दोन्ही देशांचे मंत्री कराराला मुदतवाढ देणार होते. त्याआधी दोन्ही देशांच्या मूळ प्रती शेजारी शेजारी ठेवून पान न पान ताडून बघायचं, अशी रीत होती. पाहुण्यांची प्रत त्यांच्या सल्लागारानं लाखेच्या पाकिटातून आणली होती. आपली प्रत कपाटात होती. म्हणजे, असायला हवी होती.

उपसचिवांनी, म्हणजे साहेबांनी, खुर्चीतून न उठता निकाल देऊन टाकला. कपाटाची किल्ली एकच, ती बाईंच्या कमरेला. मग अजून कुणाला विचारायचं? निलंबनाचा आदेश अकरा वाजता टाईप होऊन टेबलावर आला. सही तेवढी राहिली होती. बाईंच्या निवृत्तीला दोन महिने होते. घरी अर्धांगानं पडलेला नवरा, आणि राहायचं घर कार्यालयाचं. निलंबन झालं तर ते घर महिन्याच्या आत सोडावं लागणार होतं.

"सही शुक्रवारी सकाळी करतो," साहेब म्हणाले. "तोवर कागद मिळाला तर तुमचं नशीब."

त्यांनी दक्षता विभागाला फोन लावला, आणि तिथून सुई आली.

२

सुई हे तिचं नाव नव्हे. दक्षता विभागातली ती चौकशी अधिकारी, पन्नाशीची, बोलायला कमी. समोरचा ढिला पडला की नेमकी तिथेच टोचते, म्हणून तिच्या माघारी हे नाव पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर आठ महिन्यांत तिला कशाचंच काही वाटलं नव्हतं. नवरा गेला तेव्हापासून, दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा होतो तशी ती सगळीच झाली होती. कामाला मात्र ते सोयीचं होतं. समोरचं माणूस रडलं तरी तिच्या हातातलं पेन थांबत नसे.

किल्लीबाई रडल्या नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी विचारलेलं तेवढंच सांगितलं.

"कागद शेवटचा कधी पाहिलात?"

"सोमवारी दुपारी तीनला. साहेबांना तो पाहुण्यांना दाखवायचा होता. मोठ्या टेबलाच्या खोलीत मीच नेला. साहेबांनी फाईल उघडली, पाहुण्यांनी पहिलं पान बघितलं, शेवटच्या सह्या बघितल्या, शिक्का बघितला. फाईल माझ्याकडे परत आली. मी फीत बांधली आणि कपाटात ठेवली."

"बांधताना उघडून बघितलं?"

"नाही हो मॅडम. डोळ्यांदेखत तर होती."

"खोलीत कोण कोण होतं?"

"साहेब, पाहुणे, मी. चहा मीच नेला होता. चार कप."

"चौथा कुणाचा?"

बाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. "चारच नेते मी नेहमी. कुणीतरी दुसऱ्यांदा घेतलाच असेल."

सुईनं लिहून घेतलं. तीन माणसं, चार कप.

"मॅडम," जाता जाता बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षांत माझ्या हातून टाचणी हरवली नाही. यांना सांगितलं नाही मी अजून. ते बोलू शकत नाहीत, नुसते बघत राहतात. ते बघणं मला सोसायचं नाही."

सुईला वाईट वाटायला हवं होतं. तिनं वहीचं पान उलटलं.

साहेबांनी तिला पाच मिनिटं दिली आणि त्यातली तीन घड्याळाकडे बघण्यात घालवली. सोमवारी खोलीत तिघं होते, ते म्हणाले: आपण, सल्लागार आणि बाई. सल्लागारांनी फाईल बघून परत केली, ती बाईंकडे गेली, विषय संपला.

"तुमच्या हातात परत आली?"

"आली म्हणजे, आली ना. फाईल काय उडत जाते?" साहेबांनी फोन उचलला. "मॅडम, उगाच पाणी गढूळ करू नका. बाई थकल्यात. वय झालंय. टाकला असेल कुठेतरी."

सल्लागार शेजारच्याच खोलीत बसायचा. उंच, पिकल्या केसांचा, हसताना एका बाजूनं हसणारा. त्याला आपली भाषा येत नव्हती, सुईला त्याची येत नव्हती, म्हणून मधल्या खुर्चीवर दुभाषी येऊन बसला. करड्या कोटातला सडपातळ माणूस. पंधरा वर्षं तो हेच काम करत होता. सल्लागाराचं वाक्य संपलं की तो खालच्या सपाट आवाजात ते आपल्या भाषेत म्हणे, तेही 'ते म्हणतात' असं न लावता. त्या धंद्याची रीतच तशी.

"मी फाईल पाहिली आणि परत दिली," दुभाषी म्हणाला. "शिक्का शाबूत होता."

"कुणाला परत दिली?"

सल्लागार बोलला. दुभाष्यानं सांगितलं, "तुमच्या उपसचिवांकडे."

"खोलीत कोण कोण होतं?"

"आम्ही तिघं. मी, उपसचिव आणि कपाटाच्या बाई."

तिघांचंही उत्तर एकच होतं. तिघांची साक्ष इतकी जुळली की सुईला ती बरी वाटेना. सरकारी खोलीत तीन माणसं एका गोष्टीवर एकमत होतात, हे तिनं नोकरीत प्रथमच पाहिलं होतं.

३

कागद कोण चोरेल याआधी कागद का चोरेल, हे तिला समजत नव्हतं. त्याची दुसरी मूळ प्रत पाहुण्यांच्या पाकिटात होतीच. एक गेली तरी करार काही मरत नव्हता. तिच्यावरून नवी करता येत होती. म्हणजे ज्याचा काही उपयोग नाही असा कागद कुणीतरी जिवावर उदार होऊन पळवला होता.

गुरुवारी सकाळी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला सुरक्षा तपासणी कार्यालयात गेली. कारखान्यांचे बॉयलर, रसायनांच्या टाक्या, आग विझवायची सोय बघणारं हे कार्यालय. करार झाला तेव्हा आपल्या मूळ प्रतीची झेरॉक्स इथे आली होती आणि तिच्यावरूनच त्यांनी आपला नियम बनवला होता. झेरॉक्स धुळीच्या गठ्ठ्यात सापडली. सात पानं.

ती परत येऊन किल्लीबाईंच्या शेजारी बसली. बाई सवयीनं पानं चाळू लागल्या आणि चौथ्या पानावर त्यांचा अंगठा थांबला.

"हे असं कसं?"

"काय?"

"आपल्या प्रतीत आपल्या देशाचं नाव आधी येतं, त्यांचं मागून. त्यांच्या प्रतीत उलट. मानपानाची गोष्ट आहे मॅडम, त्यावरून मागे एकदा सह्या दोन तास अडल्या होत्या. ही बघा, तीन पानं बरोबर आहेत. पाच, सहा, सात बरोबर. आणि चौथ्या पानावर त्यांचं नाव आधी."

"टाईप करणाऱ्याची चूक?"

"टाईप करणारा आपला असता तर चुकला नसता. आपल्याकडच्या कुणाच्या हाताला त्यांचं नाव आधी लिहायचं वळणच नाही." बाईंनी चष्मा पुसला. "हे पान त्यांच्या मसुद्यावरून उतरलंय."

सुईनं चौथं पान वाचलं. त्यावर एकच कलम होतं, नववं. गुंतवणूकदारानं परवानगी मागितल्यावर पंचेचाळीस दिवसांत उत्तर मिळालं नाही, तर परवानगी मिळाली असं समजावं. त्याखाली शेवटचं वाक्य: हा नियम बॉयलर, आग व रसायने यांच्या सुरक्षा तपासणीस लागू नाही.

वाचून तिला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. उलट, शहाणपणाचं वाटलं. पण जे पान बदललंय ते कशासाठी बदललंय, हे कळायला दुसरं पान हवं होतं. आणि ते लाखेच्या पाकिटात होतं.

४

पाकीट शुक्रवारच्या आधी फोडायचं नाही अशी पाहुण्यांची रीत. तरीही सुईनं विचारायचं ठरवलं. सल्लागाराच्या खोलीत पुन्हा तीच मांडणी: ती, तो, आणि मधल्या खुर्चीवर दुभाषी.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "की आमच्या प्रतीचं चौथं पान बदललेलं आहे अशी मला शंका आहे. त्यांच्या प्रतीतलं चौथं पान मला बघायचंय. नाही बघितलं तर एका बाईची नोकरी नाहक जाईल."

दुभाषी क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग सल्लागाराकडे वळून बोलला. बोलणं तिच्या वाक्याएवढंच लांब होतं, जास्त नाही की कमी नाही. सल्लागारानं भुवया उंचावल्या, थोडा वेळ घेतला, आणि खिशातून चाकू काढून लाख फोडली.

चौथं पान. नाव त्यांचं आधी, जसं असायला हवं तसं. कलम नऊ. पंचेचाळीस दिवस. परवानगी मिळाली असं समजावं. आणि त्याखाली काहीच नव्हतं.

शेवटचं वाक्य फक्त आपल्या प्रतीत होतं.

आता 'का' सुटलं. दोन्ही प्रती सारख्या नव्हत्या, म्हणून त्या शेजारी शेजारी यायला नको होत्या. आपली प्रत हरवली असती तर पाहुण्यांच्या प्रतीवरून नवी टाईप झाली असती, सह्या झाल्या असत्या, कपाटात गेली असती. आणि सुरक्षा कार्यालयाचा नियम होता तसाच चालू राहिला असता, कारण एकदा झालेला नियम कुणी उघडून बघत नाही. दोन वर्षं तपासनीस कारखान्यांत जात होते ते त्या एका उपऱ्या वाक्याच्या जोरावर, आणि पुढेही जात राहिले असते.

राहिलं होतं 'कोण'.

दुपारी चारला ती मोठ्या टेबलाच्या खोलीत एकटी उभी होती. टेबल जुनं, भारी, दोन देशांना पुरेल असं रुंद. तिनं आपल्या बाजूनं वाकून हात लांबवला. बोटं मध्यापर्यंतही पोहोचेनात. साहेब तिच्यापेक्षा ठेंगणे होते. त्यांनी फाईल पलीकडे दिली कशी, आणि पलीकडून आली कशी?

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या. नवरा गेल्यापासून त्या दोघीच एका घरात राहायच्या, भांडणही न करता.

"अगं, पाण्याच्या मीटरवाला येऊन गेला. घरात किती माणसं विचारत होता. मी सांगितलं दोन."

"बरोबर सांगितलंत."

"बरोबर कुठलं? तो गेल्यावर लक्षात आलं. मी तुला धरलं आणि माझ्या लेकाला धरलं. मी मला धरलंच नाही बघ."

"येताना काही आणू का?" सुईनं विचारलं. सासूबाई नको म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

ती फोन हातात धरून टेबलाकडे बघत राहिली. साहेबांना पाहुण्यांची भाषा येत नव्हती. पाहुण्याला साहेबांची येत नव्हती. मग सोमवारी दोघं एकमेकांशी बोलले कसे?

चहाचा चौथा कप कुणी दुसऱ्यांदा घेतला नव्हता.

५

जिन्याखालच्या अरुंद खोलीत दुभाषी शब्दकोश आवरत बसला होता. तिला बघून तो उठला नाही, दचकलाही नाही. पलीकडचा स्टूल त्यानं पायानं पुढे सरकवला.

"मला वाटलं होतं तुम्ही कालच याल," तो म्हणाला.

"काल आणि आज, दोन वेळा तुम्ही माझ्या शेजारी बसलात. बोलला नाहीत."

"तुम्ही मला काही विचारलंच नाही. मला कुणी विचारत नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

हे खरं होतं आणि तिला ते लागायला हवं होतं. तिघांच्या साक्षी तिनं मुळापासून घेतल्या, आणि त्यातली एक तर ह्याच माणसाच्या तोंडून लिहून घेतली. 'आम्ही तिघं,' असं तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला होता. आणि ते खोटं नव्हतं. तो सल्लागाराचं वाक्य म्हणत होता.

"टेबल रुंद आहे," ती म्हणाली. "इकडचा कागद तिकडे जातो तो तुमच्या हातानं. तिकडचा परत येतो तोही. सोमवारी पाहुण्यांनी फाईल तुमच्या हातात दिली. तुमच्यापुढे तसल्याच निळ्या फाईलींचा ढीग असतो. साहेबांना जी परत आली आणि बाईंनी जी बांधली ती दुसरी होती."

"हो."

"आणि दोन वर्षांपूर्वी दोन्ही प्रतींची पक्की पानं तुम्हीच तयार केलीत. सह्या फक्त शेवटच्या पानावर. पाहुण्यांनी त्यांची प्रत लगेच उचलली. आपली शिक्का बसेपर्यंत तासभर तुमच्याकडे होती. चौथं पान तेव्हा बदललंत. तुम्ही दिवसभर त्यांच्या मसुद्यावरून काम करता, त्यामुळे हातानं त्यांचं नाव आधी लिहिलं."

त्यानं मान हलवली. मग खाली वाकून शब्दकोशांच्या मागून एक फाईल काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. सातही पानं होती, लाल शिक्का होता.

"जाळायचं होतं," तो म्हणाला. "नाही जमलं. दुसऱ्यानं बोललेलं मोडायची सवय नाही मला."

"ते वाक्य का घातलंत?"

तो बोलू लागला तेव्हा आवाज तोच होता, खालचा, सपाट, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतोय.

"करार व्हायच्या आधी एका जिल्ह्यात हा पंचेचाळीस दिवसांचा नियम करून बघितला होता. परदेशी मालकाचा रंगाचा कारखाना. तपासनीस आला नाही. शेचाळिसाव्या दिवशी परवानगी मिळाली असं समजलं गेलं. चार महिन्यांनी टाकी फुटली. एकोणीस माणसं. मालकाचा प्रतिनिधी घरच्यांना भेटायला आला, त्याला दुभाषी लागत होता. दोन दिवसांचं काम. मी एकेका घरात गेलो आणि सांगितलं, माझ्याकडे सगळे परवाने होते. एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी प्रतिनिधीकडे बघितलंच नाही. माझा हात धरला आणि विचारलं, मग तू बघितलं का नाहीस रे? मी ते भाषांतर केलं. प्रतिनिधीनं उत्तर दिलं नाही, त्यामुळे मीही दिलं नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. जेवतो, झोपतो, काम करतो. पुढे करार झाला, त्यात तोच नियम पूर्ण देशाला लागू. वाटाघाटींचे दोन दिवस मोठ्या टेबलाशी बसलो होतो. मला वाटलं, कुणीतरी विचारेल, टाक्यांचं काय? कुणी विचारलं नाही. मी पंधरा वर्षांत बोलताना एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही मॅडम. लिहिताना एकदा केला."

सुई फाईलीवर हात ठेवून बसली होती. 'काही वाटेनासं झालं' हे तिला अगदी ओळखीचं होतं.

"आणि किल्लीबाई?" तिनं विचारलं. "त्यांची नोकरी जाईल हे तुम्हांला दिसलं नाही?"

त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "मला वाटलं, फाईल हरवली की साहेब गुपचूप नवी करतील. बाईंचं... बाईंचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

"म्हणजे तुम्हीसुद्धा त्यांना मोजलं नाहीत."

ती फाईल घेऊन उठली. अहवाल दिला तर बाईंची नोकरी वाचणार होती आणि वाक्य मरणार होतं. नाही दिला तर वाक्य जगणार होतं आणि बाईंचा संसार रस्त्यावर येणार होता. दोन्हीकडे बघून तिच्या आत काहीच हललं नाही. मग तिनं सवयीनं जे करायचं तेच केलं. खोलीत जाऊन अहवाल लिहिला.

६

शुक्रवारी नऊला मोठ्या टेबलाशी सगळे बसले. मंत्री अकराला यायचे होते. गावात ती भाषा येणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून दुभाषी मधल्या खुर्चीवरच होता. बैठक संपली की दारातला पहारेकरी त्याला घेऊन जाणार होता. किल्लीबाईंना दाराशी उभं केलं होतं. साहेबांपुढे बाईंच्या निलंबनाचा आदेश होता, फाडण्यासाठी आणलेला.

सुईनं अहवाल वाचला आणि दुभाष्यानं तो पलीकडे पोहोचवला. "मी या माणसाला दोषी मानते," ती म्हणाली, आणि त्यानं तेही त्याच आवाजात, डोळे टेबलावर ठेवून सांगितलं. का केलं हेही तिनं सांगितलं. एकोणीस माणसं. तिथे त्याचा आवाज जरा बारीक झाला, पण वाक्य पूर्ण झालं.

सल्लागार दोन्ही चौथी पानं शेजारी ठेवून खूप वेळ वाचत होता. मग तो साहेबांना काही म्हणाला.

"कागदाशी केलं ते गैरच," दुभाषी म्हणाला, "त्याचं काय ते तुम्ही बघा. मला दुसरं विचारायचंय. हे वाक्य तुमच्या बाजूला हवं आहे का? हवं असेल तर मुदतवाढीत घालायला आमची हरकत नाही. आमच्याकडेही बॉयलर तपासल्याशिवाय पेटवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून कुणी मागितलंच नव्हतं."

साहेबांनी पुढचा कागद मागे आणि मागचा पुढे केला. होय म्हणावं तर मंत्र्यांना न विचारता म्हटलं असं होणार, नाही म्हणावं तर पाहुण्यासमोर शोभायचं नाही. त्यांनी घसा साफ केला. बाहेर पडायची वाट त्यांना दिसू लागली होती. पुढच्या फेरीत बघू, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"हवंय," दाराकडून आवाज आला.

किल्लीबाई होत्या. किल्ली दोन्ही हातांत घट्ट धरलेली, चेहरा पांढरा. "त्या एकोणीस जणांची फाईल मीच बांधली होती. हवंय."

टेबलाशी आपल्या बाजूनं जे बोललं जाईल ते पलीकडे पोहोचवायचं, हे दुभाष्याचं काम. त्यानं पोहोचवलं. सल्लागारानं मान डोलावली, पेन काढलं आणि मसुद्याच्या समासात एक ओळ लिहून खाली आद्याक्षरं केली. आता ते आपल्या देशाचं मागणं झालं होतं. पाहुण्यासमोर ते मागे घेणं साहेबांच्या हातात राहिलं नव्हतं.

साहेबांच्या कानशिलाची शीर उडत होती. त्यांनी आदेश पुन्हा जवळ ओढला. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं. त्यांना पक्कं माहीत होतं, एकतीस वर्षांचा आवाज होता तो. पण इतिवृत्तात नाव लिहावं लागतं, आणि अधिकार नसताना दोन देशांच्या टेबलावर तोंड उघडणं याला आधीच्या गुन्ह्याहून मोठी शिक्षा होती. निलंबन नव्हे, थेट बडतर्फी.

"मी बोलले," सुई म्हणाली.

आपण हे म्हणणार आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"अहो मॅडम," किल्लीबाई पुढे आल्या, "तुम्ही कशाला..."

"तुम्ही थांबा," साहेब म्हणाले. कोण काय बोललं याबद्दल वाद झाला तर शब्द दुभाष्याचा, ही त्या टेबलाची जुनी शिस्त होती. साहेब त्याच्याकडे वळले. हा माणूस अर्ध्या तासात पहाऱ्यात जाणार आहे आणि खोटं बोलून त्याला काही मिळायचं नाही, याची त्यांना खात्री होती. "तुम्ही सांगा. कोण बोललं?"

दुभाष्यानं किल्लीबाईंकडे बघितलं. या वेळी चांगलं नीट बघितलं. मग सुईकडे.

"मॅडम बोलल्या," तो म्हणाला.

साहेब थोडा वेळ पेन धरून बसले. सल्लागारानं काय चाललंय म्हणून विचारलं, आणि दुभाष्यानं त्याला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. साहेबांनी आदेश उचलला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि तुकडे टोपलीत टाकले. दुसरा कागद पुढे ओढला.

"पूर्ण नाव," ते सुईला म्हणाले. "हुद्दा. किती वर्षं नोकरी."

तिनं सांगायला सुरुवात केली आणि तिचा आवाज कापू लागला. आवरेना. आठ महिन्यांनंतर तिला भीती वाटत होती, खरीखुरी, आणि ती जाऊ नये म्हणून तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.